तोंडात जप, पोटात गोळा

सांगलीच्या गावभागातून एका ताईंचं पत्र आलंय. 2019 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या घरात छातीभर पाणी होतं, 2021 मध्ये पुन्हा आलं. तेव्हापासून पावसाळा लागला की झोप उडते. कोयना धरणातून किती विसर्ग सोडला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट झालं, हे रात्रभर मोबाईलवर बघणं चालतं. तोंडात दत्ताचा जप आणि पोटात गोळा. सासूबाई म्हणतात, "नाम घेणाऱ्याला भीती कसली? तुझी श्रद्धाच कच्ची." आठ वर्षांचा मुलगा रोज विचारतो, पाणी येणार का? ताईंचा प्रश्न असा, की जप करूनही भीती जात नसेल, तर माझी भक्ती खोटी आहे का?

ताई, नाही. अजिबात नाही. आयर्विनला धोक्याची पातळी 45 फूट, आणि 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. ज्या बाईने आपला संसार त्या पाण्यात बघितला, तिला पाऊस वाजला की धडकी भरणारच. आणि आसरा मागतो तो घाबरलेलाच माणूस. तुम्ही घाबरलात आणि दत्तापाशी गेलात, यात खोटं काय आहे?

तुम्ही नरसोबाच्या वाडीला, दत्ताच्या देवळात जात असालच. महापुरात कृष्णा थेट गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या पाण्यात अंघोळ करायला लोक गर्दी करतात. पण त्याच वेळी पुजारी काय करतात? उत्सवमूर्ती उचलतात आणि नारायणस्वामींच्या देवळात नेऊन ठेवतात. पूजा चालूच राहते, फक्त जागा बदलते. त्या पुजाऱ्यांची श्रद्धा कच्ची, असं आजवर कुणी म्हटलंय का? नदीला हात जोडायचे आणि देवालाही वेळेत वर न्यायचं, ही तुमच्या कृष्णाकाठाची रीतच आहे. सासूबाईंना वाद न घालता एवढंच सांगा. त्यांनी हे माझ्यापेक्षा जास्त वेळा बघितलं असेल. मला तर वाटतं, त्याही घाबरलेल्या आहेत आणि तुम्हाला रागावून स्वतःला धीर देताहेत.

देव पाणी अडवेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही. 2019 च्या त्याच ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळ गावात लोकांना पुरातून बाहेर नेणारी बोट उलटली. त्यात गेलेली माणसंही कुठल्या ना कुठल्या देवाचं नाव घेतच असतील. त्यांची श्रद्धा कमी पडली असं म्हणायची कुणाची छाती आहे? म्हणून "एवढा जप करते, घर वाचव" हा सौदा सोडा. त्यात प्रत्येक माळ पुरी पडली की नाही, याचीच नवी धास्ती लागते.

त्याऐवजी देवापुढे बसून साध्या शब्दांत बोला. मला भीती वाटतेय, रात्री झोप लागत नाही, मला सांभाळ. समर्थांनी तेच केलं. गावोगाव मारुती उभे करून लोकांना बळ द्यायला निघालेला तो माणूस. त्यांच्या अकरा मारुतींपैकी एक तुमच्याच जिल्ह्यात, बह्याला, कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर आहे. त्यांनीच करुणाष्टकं लिहिली आणि जिवाची तगमग रामापुढे उघडी केली. संध्याकाळी सासूबाईंसोबत ती म्हणा. एकटीने माळ ओढण्यापेक्षा दोघींचा आवाज मिळाला की मन लवकर ठिकाणावर येतं.

आता मूर्ती वर न्यायचं काम. आयर्विनला किती फुटांवर घर सोडायचं, तो आकडा आजच घरात ठरवा; 40 फूट ही इशाऱ्याची पातळी धरून त्याच्या आतच निघा. कुणाकडे जायचं ते बोलून ठेवा. रेशनकार्ड, सातबारा, बँकेची पुस्तकं, औषधं एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर. पातळी बघायची सकाळ-संध्याकाळ, तीही सरकारी आकड्यांची. व्हॉट्सॲपवर फिरणारे व्हिडिओ उघडू नका. रात्री पाऊस जोरात असेल तर घरातल्यांनी पाळी लावून जागावं, सगळा पहारा तुमच्याच डोक्यावर कशाला?

एवढं करूनही छाती धडधडत राहिली, आठवडेच्या आठवडे झोप लागली नाही, पावसाच्या आवाजाने हातपाय कापायला लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. 14416 हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीचा मदत क्रमांक आहे, फोन फुकट लागतो. औषध घेतलं म्हणून दत्त रुसत नाही.

आणि मुलगा. "काही होणार नाही" असं त्याला सांगू नका, त्याने पाणी पाहिलेलं आहे. "आलं तर आपण मामाकडे जायचं, तुझं दप्तर तू उचलायचंस," असं सांगा. त्याची पिशवी त्यालाच भरू दे, आणि झोपताना भीमरूपी तुमच्यासोबत म्हणू दे.