जुन्या ४८६ साठी मोडेम घेताना

मशीन ४८६ (जुन्या इंटेल ८०४८६ प्रोसेसरचा पीसी) आहे म्हणजे फोन लाईनवरून इंटरनेट जोडायला विनमोडेम नकोच, कितीही स्वस्त मिळाला तरी. सिग्नलचं गणित तो प्रोसेसरवर ढकलतो आणि ड्रायव्हर विंडोजचाच असल्याने डॉसमध्ये निरुपयोगी ठरतो. सिरियल पोर्टला जोडायचा, बाहेर ठेवायचा ५६के (सेकंदाला ५६ किलोबिटपर्यंत) मोडेम बघा, व्ही.९० हे ५६के चं प्रमाण चालणारा. ॲडाप्टर मात्र त्याच मोडेमचा मागून घ्या. काहींना डीसी नाही, एसी ॲडाप्टर लागतो. चुकीचा लावलात तर मोडेम जळू शकतो.

पण खरी अडचण बहुतेक वेळा मोडेममध्ये नसतेच, पोर्टमध्ये असते. आधी डॉसमध्ये एमएसडी (मायक्रोसॉफ्टचा तपासणी प्रोग्राम) चालवून कॉम पोर्टची, म्हणजे सिरियल पोर्टची, यूएआरटी चिप (येणारे-जाणारे बाईट हाताळणारी) पाहा. ८२५० दिसली तर ती एका वेळी एकच बाईट धरून ठेवते. विंडोज दुसऱ्या कामात अडकलं की पुढचे बाईट गळतात आणि डाउनलोड अडखळतं. १६५५०ए मध्ये १६ बाईटांची जागा असते. जुनी चिप निघाली तर १६५५०ए असलेलं आयएसए (जुन्या पीसीतल्या स्लॉटचं) सिरियल कार्ड घ्या, मगच पोर्टचा वेग सेकंदाला ११५२०० बिट ठेवा.

माउस कॉम१ वर असेल तर मोडेम कॉम३ वर लावू नका, दोन्ही पोर्टचा आयआरक्यू (प्रोसेसरचं लक्ष वेधणारी लाईन) सहसा ४ च असतो आणि दोघांची टक्कर होते. कॉम२ वापरा.