शोरूममधला टचस्क्रीन आपोआप रंग का बदलतो? आणि वाचकांचे आणखी काही प्रश्न

प्रश्न : कुडाळजवळ आमची मोटारींची डीलरशिप आहे. ग्राहकाने स्वतः रंग, चाकं, सीट कव्हर निवडून गाडी कशी दिसेल ते पाहावं म्हणून ५५ इंची टचस्क्रीन बसवला आहे. जूनपासून कोणी हात न लावताही गाडी गरगर फिरते, रंग बदलतो. तंत्रज्ञ पॅनेल बदला म्हणतो. दुसरा इलाज आहे का?

उत्तर : पॅनेलवर खर्च करण्याआधी मागची एक केबल काढून पाहा. स्क्रीनला चित्रासाठी एचडीएमआय आणि स्पर्शासाठी यूएसबी अशा दोन केबल असतात. फक्त यूएसबी काढा आणि माऊसवर काम चालवा. तरीही रंग बदलत राहिला तर दोष सॉफ्टवेअरचा आहे, बहुतेक वेळा ‘डेमो’ चालू राहिलेला असतो. रंग बदलायचा थांबला तर दोष स्पर्शाच्या भागात आहे. मग स्क्रीन कोणत्या प्रकारचा ते बघायचं.

काचेभोवती काही मिलिमीटर उंच कड असेल तर तो इन्फ्रारेड समजा. मोठ्या आकारात हाच जास्त दिसतो. कडेच्या एका बाजूला डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडणारे बारीक दिवे असतात आणि समोरच्या बाजूला तो टिपणारे सेन्सर. मध्ये जे काही येईल ते स्क्रीनच्या लेखी बोटच. पहिल्या पावसात पंख फुटलेली वाळवी उजेडाकडे झेपावते, तिचे पंख नेमके या कडेच्या खाचेत अडकतात. त्याआधी मे महिन्यात जांभ्याची लाल धूळ तिथे बसलेली असतेच. मऊ ब्रशने चारही कडा आतून झाडा आणि कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. रात्री स्क्रीन बंद करून कापड टाका. गडबड पावसात नसून दुपारी तीननंतर होत असेल तर पश्चिमेच्या दर्शनी काचेतून येणारं ऊन सेन्सरवर पडत आहे. अशा वेळी स्टँड फिरवला तरी पुरतं.

काच कडेपर्यंत सपाट असेल तर स्क्रीन कपॅसिटिव्ह आहे. त्याला बोटातून जाणारा सूक्ष्म विद्युतभार कळतो आणि पाण्याचा थेंबही तो बोटासारखाच धरतो. भर पावसाळ्यात कोकणातल्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन साचते) २४-२५ अंशांच्या आसपास असतो. एसी २० वर ठेवून दिवसभर दार उघडझाप केलं की थंड काचेवर दव धरतं. त्यात खाऱ्या वाऱ्याचा थर असेल तर तो ओल आणखी खेचून घेतो. एसी २६ वर ठेवा आणि एसी लावण्याआधी अर्धा तास स्क्रीन चालू करा, म्हणजे काच कोमट राहील. पुसताना आधी डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेलं कापड फिरवा. मीठ कोरडं घासलं तर चरे पडतात. द्रव कापडावर घ्या, काचेवर फवारू नका. अमोनियाचं क्लीनर नकोच.

याच प्रकाराला विजेचाही त्रास होतो. दिवे गेल्यावर इन्व्हर्टर किंवा जनरेटरवरच गडबड होत असेल तर शुद्ध साइन वेव्हचा ऑनलाइन यूपीएस लावा. वायरमनकडून मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त येत असेल तर आधी अर्थिंगकडे लक्ष द्या. जांभ्याच्या सड्यावर मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात पार सुकतो आणि अर्थिंग नावालाच उरतं, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत त्यात नियमित पाणी ओता.

यूएसबी केबलची लांबीही बघा. साध्या केबलची मर्यादा ५ मीटर आहे. कॉम्प्युटर आतल्या खोलीत ठेवून १० मीटरची केबल ओढली असेल तर स्पर्श मध्येच तुटतो. तिथे अ‍ॅक्टिव्ह एक्स्टेंडर (मध्ये सिग्नल जोरकस करणारं जोडयंत्र) लागतो.

इतकं करूनही एखाद्या उभ्या पट्टीत स्पर्श लागत नसेल तरच बदलीचा विचार करा. इन्फ्रारेडमध्ये बहुतेक वेळा बाहेरची टच फ्रेम वेगळी मिळते, तेव्हा चित्राचं पॅनेल बदलू नका.

प्रश्न : स्क्रीनवर राखाडी-निळा रंग पसंत केला, पण शोरूममधली त्याच रंगाची गाडी वेगळी दिसली. खरं कोणतं मानायचं? (देवगड)

उत्तर : दोन्ही नको. मेटॅलिक रंगात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. समोरून तो उजळ दिसतो, तिरक्या कोनातून गडद. हा फेर स्क्रीनवर पुरता उतरत नाही आणि शोरूममध्ये स्क्रीन बहुधा भडक मोडवर ठेवलेले असतात. उभी गाडी पिवळट दिव्यांखाली असेल तर निळ्यातलं निळेपणही कमी होतं. स्टॉकयार्डातली गाडी सकाळी उन्हात आणि नंतर सावलीत पाहा. रंग ठरला की बुकिंगच्या कागदावर नावाबरोबर रंगाचा कोडही लिहून घ्या. मिळत्याजुळत्या नावांचे दोन रंग असले की इथेच घोटाळा होतो.

प्रश्न : स्क्रीनवर पुढचा गार्ड, काळी फिल्म आणि मोठी चाकं निवडली. बेरीजही दाखवली. प्रत्यक्षात बिल जास्त आलं आणि गार्ड बसवणार नाही म्हणाले. हे कसं? (खेड)

उत्तर : गार्ड नाकारला हे बरंच झालं. धातूचे बुल बार, म्हणजे हेच पुढचे गार्ड, केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार देऊन बेकायदा ठरवले. पादचाऱ्याला त्यांचा मार जबर बसतो आणि टक्कर सेन्सरपर्यंत नीट न पोचल्याने एअरबॅग वेळेवर उघडेलच असं नाही. काचेचा नियम वेगळा आहे : पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. काळी फिल्म यात बसत नाही. स्क्रीनवर काहीही चिकटवता येतं, रस्त्यावर नाही.

चाकांच्या बाबतीत कंपनीने वरच्या व्हेरियंटला दिलेला आकारच घ्या. त्याहून मोठं चाक पूर्ण वळवताना आतल्या लायनरला (चाकावरच्या प्लास्टिकच्या आवरणाला) घासतं. टायरचा एकूण व्यास बदलला तर स्पीडोमीटरही चुकीचा वेग दाखवतो.

आता बिलाचं. स्क्रीनवरची बेरीज बहुधा एक्स-शोरूम किंमत अधिक अ‍ॅक्सेसरीज इतकीच असते. तिच्यात आरटीओचा कर, विमा आणि फास्टॅग धरलेले नसतात. गाडी १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएसही (विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा केलेला प्राप्तिकर) लागतो. तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, त्यामुळे पावती जपून ठेवा. निवडलेल्या यादीची छापील प्रत मागा आणि प्रत्येक वस्तूसमोर तीन गोष्टी लिहून घ्या : पार्ट नंबर, कारखान्यात बसणार की डीलरकडे, बसवण्याची मजुरी. दिवे किंवा म्युझिक सिस्टिम कपलरने (तयार प्लगने) जोडणार की वायर कापून, हेही विचारा. कापलेल्या वायरवर वॉरंटी अडते आणि आपल्या दमट हवेत तो जोड आधी हिरवा पडतो. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर कव्हरला त्या जागी फाटणारी शिवण असलीच पाहिजे.

प्रश्न : नेट गेलं की स्क्रीनवर गाडी येत नाही. (गुहागरचे एक विक्रेते)

उत्तर : तुमचं सॉफ्टवेअर चित्र दूरच्या सर्व्हरवर तयार करून पाठवतं. ग्राफिक्स कार्ड असलेल्या जागेवरच्या कॉम्प्युटरवर चालणारी आवृत्ती पुरवठादाराकडे आहे का ते विचारा. ती रात्री नेट असेल तेव्हा अद्ययावत होते. फक्त किंमतपत्रक कोणत्या तारखेचं आहे ते स्क्रीनवर ठळक दिसू द्या. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तसा बदल झाला की ऑफलाइन स्क्रीन जुनाच आकडा दाखवत बसतो.