सीआयएसएसपी, पीएमपी की आणखी काही?

प्रश्न: मी ४ वर्षं सपोर्टला आहे, विंडोज सर्व्हर, युजर अकाउंट, बॅकअप, पॅचिंग हेच रोजचं काम. आता कंपनी सगळं अझ्युअरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर नेतेय. टीममधला एकजण म्हणतो सीआयएसएसपी (सिक्युरिटीचं सर्टिफिकेट) कर, दुसरा म्हणतो पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं), पगार त्यातच वाढतो म्हणे. फी मलाच भरायचीये, तर कुठलं करू?

उत्तर: खरं सांगू का, ही दोन्ही आत्ता नकोच. सीआयएसएसपीला सिक्युरिटीच्या ८ पैकी किमान २ विषयांत मिळून ५ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आयटी किंवा तशाच विषयातली डिग्री असेल तर १ वर्ष सूट, आणि परीक्षा आधीच पास झालात तरी अनुभव पुरा होईपर्यंत नुसते असोसिएट म्हणवून घ्यायचं. पीएमपीला ४ वर्षांची डिग्री असली तरी ३६ महिने प्रोजेक्ट लीड केल्याचं दाखवावं लागतं, रोजची टिकिटं (युजरच्या तक्रारी) सोडवणं त्यात धरत नाहीत.

तुम्ही जे करताय तेच उद्या अझ्युअरवर करायचंय ना, मग एझेड-१०४ घ्या, ही मायक्रोसॉफ्टची अझ्युअर सांभाळणाऱ्यांसाठीची परीक्षा. त्यात युजर आणि परमिशन, स्टोरेज, व्हर्च्युअल मशीन, नेटवर्क, मॉनिटरिंग, बॅकअप हेच सगळं येतं, म्हणजे अर्धा अभ्यास तुमचा हाताखालून गेलेलाय. एझेड-९०० (अझ्युअरची तोंडओळख) आधी केलंच पाहिजे असा नियम नाही, तुमच्यासाठी मी तरी त्यावर पैसे घालणार नाही. एझेड-१०४ एकच वर्ष चालतं, पण मुदत संपायच्या आधीच्या ६ महिन्यांत ऑनलाइन रिन्यू करता येतं आणि ते फुकट असतं.

नुसते व्हिडिओ बघून मात्र हे होत नाही, स्वतःचं अझ्युअर अकाउंट काढून हात चालवा, आणि एक लक्षात ठेवा, व्हर्च्युअल मशीन विंडोजच्या आतून शटडाउन केलं तरी त्याचं बिल चालूच राहतं, अझ्युअरच्या पोर्टलवरून स्टॉप करून स्टेटस डीअलोकेटेड दिसलं पाहिजे. आणि प्लीज डंप्सच्या (परीक्षेतून चोरलेल्या प्रश्नांच्या) नादी लागू नका, पकडले गेलात तर सर्टिफिकेट जातंच, आणि नाही पकडले गेलात तरी इंटरव्ह्यूत समोरचा दोन प्रश्नांत ओळखतो.

लिनक्सकडे वळायचं असेल तर आरएचसीएसए (रेड हॅट लिनक्सचं सर्टिफिकेट) बघा, ती परीक्षा पूर्ण प्रॅक्टिकल असते, पर्याय निवडायची भानगडच नाही. सिक्युरिटीची खरंच आवड असेल तर नंतर सिक्युरिटी प्लस (सिक्युरिटीचं सुरुवातीचं सर्टिफिकेट) करा, त्याला अनुभवाची सक्ती नाही. आणि फी भरायच्या आधी मॅनेजरला एकदा विचारा, अझ्युअरवर जायचं काम कंपनीचंच आहे, बऱ्याच ठिकाणी पास झाल्यावर फी परत मिळते.