घाट आणि ट्रॅक डे, दोन्हींसाठी स्विफ्टला बिग ब्रेक किट बसवावं का?

ताम्हिणी उतरताना शेवटच्या वळणांना पेडल मऊ पडून खोल जातं, आणि आता कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर ट्रॅक डे (रेसच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी जोरात चालवायचा दिवस) करायचाय, असं तुम्ही लिहिलंय. किटचे, म्हणजे मोठ्या डिस्क आणि मोठ्या कॅलिपरच्या संचाचे, पैसे आत्ता खर्च करू नका. तापल्यावर पेडल मऊ पडतं तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पाय ते बुडबुडेच दाबत राहतो आणि कॅलिपरपर्यंत (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) दाब पोचत नाही. याउलट पेडल घट्ट राहिलं पण गाडी थांबेना, तर पॅड तापून त्यांची पकड गेलीय. गाडी थंड असतानाही पेडल मऊ लागत असेल तर सिस्टिममध्ये हवा आहे किंवा गळती आहे. ती शोधल्याशिवाय घाटात जाऊच नका.

सगळा खेळ उष्णतेचा आहे. गाडी ताशी १०० ऐवजी १४० किलोमीटरवरून थांबवली तर ब्रेकमध्ये जवळजवळ दुप्पट उष्णता जाते. ५०० मीटरचा घाट न्यूट्रलवर, निव्वळ ब्रेकच्या जोरावर उतरलात तर १०० वरून लागोपाठ बारा-तेरा वेळा थांबवल्याइतकी ऊर्जा असते. म्हणून घाटात आधी गिअर खाली घ्या, हा उपाय फुकट आहे. आणि पहिल्याच जोरदार ब्रेकला एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागत असेल तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे. तिथे अंतर कमी करायचं असेल तर चांगले टायर घ्या.

सुरुवात ऑइलपासून. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट हा ऑइलचा दर्जा, डब्यावर लिहिलेला असतो. डॉट ४ ताजं असताना किमान २३०° सेल्सिअसला उकळतं, पण ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५° पर्यंत खाली येते, डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. रस्त्यासाठी ताजं डॉट ४ पुरतं. ट्रॅकसाठी ३०० च्या वर उकळणारं रेसिंगचं डॉट ४ घ्या आणि ते लवकर बदला. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, नाव सारखं वाटलं तरी ते कधीही मिसळू नका. सीलबंद एक लिटर आणा. ऑइल बदलताना एकेका चाकाकडून आतली हवा काढावी लागते. हा क्रम परदेशी व्हिडिओंतून उचलू नका: आपल्याकडे मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) उजवीकडे असतो, त्यामुळे सर्वांत लांबचं चाक मागचं डावं. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला क्रमच अंतिम. जुन्या गाडीत हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल तळापर्यंत दाबलं तर मास्टर सिलिंडरचं सील एरवी न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासून फाटतं. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

मग पुढचे पॅड. बऱ्याच पॅडच्या कडेवर दोन अक्षरं असतात, पहिलं साध्या तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं: ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी त्याहून वरचा. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो पॅड ट्रॅकवर नको. पण पक्का रेसिंग पॅडही रोजच्या गाडीत नको: थंड असताना तो नीट पकडत नाही, किंचाळतो आणि डिस्क खातो. मी असतो तर घाटासाठी चांगला रोजचा पॅड ठेवला असता आणि ट्रॅकसाठी वेगळा संच नेला असता. पॅड बदलताना कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. पिन अडकली की पॅड तिरका झिजतो.

नवे पॅड लावल्यावर मोकळ्या रस्त्यावर ते डिस्कशी जुळवून घ्या. ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, मग दहा मिनिटं ब्रेक न दाबता चालवा. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलात तर पॅडचा थर एका जागी चिकटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. पुष्कळदा लोक यालाच ‘डिस्क वाकली’ म्हणतात.

डिस्क साधी, व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळणारी), किमान जाडीपेक्षा बरीच वर असलेली पुरे. भोकांची डिस्क टाळा, ट्रॅकवर भोकांपासूनच तडे जातात. स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या लवचिक नळ्या) पेडल घट्ट करतात, पण उष्णता कमी करत नाहीत. बसवल्यास तांब्याचे वॉशर नवे घाला, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून होज कुठे घासत नाही ना ते पाहा.

किट शेवटी, तेही ऑइल-पॅड करूनही ट्रॅकवर ब्रेक टिकत नसतील तरच. फक्त पुढे मोठ्या पिस्टनचे कॅलिपर लावले की पेडल जास्त खोल जातं आणि मागचे ड्रम आणखी कमी काम करतात. कधी कधी थांबायचं अंतर उलट वाढतं. शिवाय चाकात जागा हवी, आणि विम्याचा प्रश्न वेगळाच.

ट्रॅकवर शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता मारा, आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला उटी, म्हणजे अडवायला दगड किंवा ठोकळा, लावा.