दुसऱ्या पार्टाने माती केली म्हणता?

मागच्या अंकात मास्कवाल्या खुन्यांच्या पिक्चरवर चार ओळी काय लिहिल्या, भुसावळपासून शहाद्यापर्यंत सगळे आता पार्ट टू बद्दलच विचारताहेत. जेवढ्यांना जागा होती तेवढ्यांना उत्तरं देतोय. शेवट फुटणार आहेत बरं का, ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी पान उलटावं.

१९७८ चा हॅलोवीन बघितला आणि रात्री बाथरूमला जायला भावाला उठवलं. दुसऱ्या दिवशी पार्ट टू लावला तर जांभया. मित्र म्हणतो पार्ट टूच भारी, खून जास्त आहेत. कोण बरोबर?
*— एक कॉलेजवाला, भुसावळ*

खून जास्त आहेत हे बरोबर, भारी आहे हे चूक. दिग्दर्शक जॉन कारपेंटरने पहिला पिक्चर तीन-सव्वातीन लाख डॉलरमध्ये उरकला होता. खास मास्क बनवायला पैसे नव्हते म्हणून स्टार ट्रेक या अंतराळ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा तयार मास्क आणला, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग फासला, झाला पिक्चरचा खुनी मायकेल मायर्स. आणि क्रेडिटमध्ये त्या मास्कवाल्याचं नाव काय तर ‘द शेप’, म्हणजे नुसता आकार. तो का मारतो, लॉरी नावाच्या पोरीच्याच मागे का लागलाय, काही म्हणजे काही सांगत नाहीत. तिथेच आपली तंतरते.

१९८१ चा पार्ट टू त्याच रात्री, पहिला जिथे थांबतो तिथूनच सुरू होतो, ही आयडिया खरं तर मस्त. दिग्दर्शन रिक रोझेंथलचं, पण लिहिलं कारपेंटर आणि डेब्रा हिल यांनीच, आणि कारपेंटर स्वतःच नंतर सांगत आलाय की सुचत काही नव्हतं, बिअर पीत पीत पानं भरली. त्या बिअरमधून काय निघालं, तर लॉरी ही मायकेलची सख्खी बहीण!

आता आमच्या काकांचं ऐक. आमच्याकडे रावेर-यावल पट्ट्यात केळीला पाणी भरायचं म्हणजे रात्री उठणं आलं, कारण शेतीची लाईट कित्येकदा रात्रीच येते. काका रात्री दोनला मोटर चालू करायला गेले, केळीची वाळकी पानं सळसळताहेत आणि बांधावर पांढरं काहीतरी उभं, हलतंय, थांबतंय, परत हलतंय. पाणी गेलं खड्ड्यात, काका तसेच मागे फिरले ते थेट गोधडीत. सकाळी जाऊन बघतात तर खताची रिकामी गोणी खुंटीला अडकलेली. गोणी पुढे महिनाभर तिथेच होती, वारा तोच, रात्र तीच, पण काका तिच्यावर टॉवेल वाळत घालायचे.

पार्ट टू ने हेच केलं भो, मायकेलची गोणी करून टाकली. बहीण आहे म्हणून मारतो म्हणे. मग मी कशाला घाबरू, मी काय त्याची बहीण आहे का?

समीक्षकांनाही तो फार पटला नाही. रॉजर एबर्टने पहिल्याला चारपैकी चार स्टार दिले होते, दुसऱ्याला निम्मेच. पण २५ लाखांत बनून अडीच कोटी डॉलरच्या वर कमावले, त्यामुळे हे बहीण-भावाचं नातं पुढच्या पार्टांना चिकटलं ते चिकटलंच. गंमत म्हणजे २०१८ ला नवीन हॅलोवीन आला त्यात मधले सगळे पार्ट पुसून टाकले, आणि लॉरीच्या नातीला कोणीतरी विचारतं की तो तिचा भाऊ होता ना, तर ती म्हणते छे, ते लोकांनी उठवलेलं. सदतीस वर्षांनी गोणी काढली एकदाची. त्या पिक्चरने २५ कोटी डॉलरच्या वर धंदा केला.

भाऊ, हाई काय शे? तिसरा हॅलोवीनमा मायकेलच नही! पैसा वाया ग्यात.
*— एक वाचक, धुळे*

तुमच्यासारखेच १९८२ ला अमेरिकेतले लोक भडकले होते. कारपेंटरचं म्हणणं होतं की मायकेल संपला, आता हॅलोवीनच्या नावाखाली दर वेळी नवी गोष्ट सांगू. म्हणून यात पोरांच्या मास्कमध्ये जादू भरणारा एक कारखानदार आहे, आणि मायकेल दिसतो तो फक्त टीव्हीवर, कारण तिथे पहिला पिक्चर लागलेला असतो! आता हिवाळ्यात मळ्यावर भरीत पार्टीला बोलवायचं आणि पानात जिलबी वाढायची, जिलबी चांगली असेल हो, पण माणूस भरीत-पुरी खायला आलाय ना. लोकांनी पिक्चरची जिलबीच केली मग. १९८८ च्या चौथ्या पार्टाला तर नावातच लिहावं लागलं की मायकेल मायर्स परत आलाय.

पण मी सांगू का, जिलबी खरंच चांगली आहे. आता त्या तिसऱ्याचे वेगळे चाहते आहेत, दरवर्षी बघतात. मायकेल येणार नाही हे आधीच डोक्यात ठेवून एकदा बघा, पैसे थोडे तरी वसूल होतील.

फ्रायडे द थर्टीन्थच्या पहिल्या पार्टात हॉकीचा मास्क कुठेच नाही, मला कापलेली कॉपी मिळाली का?
*— जळगाव*

नाही, पूर्णच मिळाली. १९८० च्या पहिल्यात खून करते ती जेसनची आई, आणि जेसन म्हणजे तोच तुमचा हॉकी मास्कवाला. दुसऱ्यात जेसन डोक्यावर पोतं घालून फिरतो (काकांना दाखवायला पाहिजे), हॉकीचा मास्क थेट तिसऱ्यात, १९८२ ला.

मुलगा नववीत आहे. मित्रांसोबत मोबाईलवर टेरिफायर २ बघत होता, मी दोन मिनिटं बघितलं आणि मळमळलं. हे बघून लोक बेशुद्ध पडतात म्हणे, खरं का?
*— एक आई, शहादा*

ताई, थिएटरात लोकांना चक्कर आली, उलट्या झाल्या अशा बातम्या २०२२ ला आल्या होत्या खऱ्या, आणि त्याच बातम्यांनी पिक्चरची फुकट जाहिरात केली. साधारण अडीच लाख डॉलरचा, तोही बराचसा चाहत्यांनी वर्गणी काढून उभा केलेला पिक्चर, लांबी दोन तास अठरा मिनिटं, आणि कमाई दीड कोटी डॉलरच्या आसपास. २०२४ च्या तिसऱ्याने तर ९ कोटींच्या जवळ नेली. म्हणजे इथे उलटंच झालं, पार्ट वाढत गेले तशी गर्दी वाढत गेली.

तरी नववीतल्या पोराने बघायचा नाहीच, त्यात माझं दुमत नाही, मोठ्या माणसालाही तो जड जातो. पण मोबाईल हिसकावू नका, नाहीतर तो मित्राच्या मोबाईलवर बघेल. त्याला विचारा की ते रक्त, ती कापाकापी कशाने बनवली असेल. याचा दिग्दर्शक डेमियन लिओन मुळात मेकअपवालाच आहे. १९६० च्या सायकोमध्ये तर रक्त म्हणून चॉकलेट सिरप होतं, ब्लॅक अँड व्हाईटमध्ये कोणाला कळतंय. पोरगं एकदा का त्या कारागिरीत घुसलं की अर्धी भीती तिथेच जाते.

मराठीत असा खुनी पार्ट टू आहे का?
*— नंदुरबार*

झपाटलेला! बाहुल्यात शिरलेला गुंड खून करत फिरतो, हसवत असला तरी खुनी तो खुनीच. १९८८ च्या अमेरिकन चाइल्ड्स प्लेचं बीज, पण अंगण आपलं. १९९३ चा तो पिक्चर मी गणपतीत रस्त्यावर बांधलेल्या पडद्यावर बघितला, पुढे जागा नव्हती म्हणून मागच्या बाजूने, सगळं उलटं. तरी फाटली होती. २०१३ ला महेश कोठारेंनीच दुसरा काढला तो थ्रीडीमध्ये. बाहुला नाकापर्यंत आला पण मला काही वाटेना, घरी येताना कळलं की मी बाहुल्याला कधी घाबरलोच नव्हतो, लक्ष्मीकांत बेर्डे ज्या चेहऱ्याने घाबरायचे त्याला घाबरलो होतो. ते २००४ लाच गेले. आता तो चेहरा कुठून आणणार?

एक तरी चांगला पार्ट टू सांगा.
*— अमळनेर*

स्क्रीम २, तोही मास्कवाल्या खुन्याचाच. पहिला डिसेंबर १९९६ चा, दुसरा बरोब्बर वर्षाने, मध्येच स्क्रिप्ट इंटरनेटवर फुटलेली, तरी जमला. त्यात कॉलेजची पोरं वर्गात बसून हेच भांडतात की पार्ट टू चांगला असतो का. आपलं हे पान त्यांनी बघितलं असतं तर तुम्हालाही वर्गात घेतलं असतं.

केळीच्या मळ्यातला स्लॅशर (खुनी एकेकाला कापत सुटतो तसला पिक्चर) लिहितोय. काही सल्ला?
*— यावल*

रात्रीची लाईट, मोटरकडे एकटा निघालेला माणूस, आणि घड कापायचा विळा जागेवर नाही. अजून काय पाहिजे भो, लिही. फक्त पार्ट टूमध्ये त्याला कोणाचा चुलतभाऊ करू नको.