मंदगतीही हवी आणि स्थिर चित्रही

प्रश्न: सायकलस्वाराच्या बाजूने धावत, कॅमेरा हातातच धरून मी सेकंदाला १०० फ्रेम या वेगाने एक दृश्य टिपले. प्रीमियर प्रो या व्हिडिओ-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये २५ फ्रेमच्या सिक्वेन्सवर (क्लिप क्रमाने मांडण्याच्या पटावर) त्याचा वेग २५ टक्के केला आणि चित्राचे हादरे घालवणारा वार्प स्टॅबिलायझर लावला, तेव्हा या दोन गोष्टी एकाच क्लिपवर चालणार नाहीत अशी सूचना आली. म्हणून वेग पूर्ववत केला, क्लिप स्थिर करून नेस्ट केली, म्हणजे तिला स्वतंत्र सिक्वेन्समध्ये गुंडाळले, आणि नेस्टचा वेग २५ टक्क्यांवर आणला. सूचना गेली, पण सायकल आता अडखळत पुढे सरकते. चूक कुठे झाली?

उत्तर: नेस्ट करण्याचा आपला विचार योग्यच होता, घात केला तो नेस्टच्या फ्रेम-दराने. टाइमलाइनवरील क्लिप नेस्ट केली की तयार होणारा नवा सिक्वेन्स मूळ सिक्वेन्सचीच मापे उचलतो, म्हणजे आपल्या बाबतीत सेकंदाला २५ फ्रेम. त्यामुळे आपण टिपलेल्या १०० फ्रेमपैकी ७५ फ्रेम नेस्टच्या दारातच गळाल्या, आणि बाहेर वेग चौपट मंद केल्यावर उरलेली प्रत्येक फ्रेम चार-चार वेळा दाखवण्यावाचून सॉफ्टवेअरपुढे मार्ग राहिला नाही. आपल्याला दिसणारे अडखळणे ते हेच.

यावरचा सर्वांत सरळ उपाय नेस्टशिवायचा आहे. प्रोजेक्ट पॅनेलमध्ये, म्हणजे क्लिपांच्या यादीत, क्लिपची एक प्रत करावी आणि ‘इंटरप्रिट फुटेज’मध्ये तिचा फ्रेम-दर २५ असल्याचे सांगावे. प्रत करणे आवश्यक आहे, कारण हा बदल त्या क्लिपच्या प्रत्येक वापराला लागू होतो. ध्वनीही त्यासोबत लांबतो, तो मूळ क्लिपमधून वेगळा घ्यावा. अशी क्लिप टाइमलाइनवर आली की ती आधीच चौपट मंद असते, तिच्यातील सगळ्या फ्रेम खऱ्या असतात आणि वेगाची आज्ञा दिलेलीच नसल्याने स्टॅबिलायझर तक्रार करत नाही. मात्र आधी हवा तेवढाच तुकडा कापून घ्यावा, नाहीतर विश्लेषणाला विनाकारण वेळ लागतो.

वेग एकाच दृश्यात कमी-जास्त करायचा असेल तर ही युक्ती अपुरी पडते. अशा वेळी मूळ क्लिपवरूनच नवा सिक्वेन्स तयार करावा, म्हणजे तो १०० फ्रेमचा होईल. स्थिरीकरण त्यात करावे आणि मग तो सिक्वेन्स २५ फ्रेमच्या सिक्वेन्समध्ये ठेवून वेगाचे चढउतार बाहेर द्यावेत.

२५ टक्क्यांच्याही खाली जायचे असल्यास फ्रेम पुरत नाहीत आणि ऑप्टिकल फ्लोने मधल्या फ्रेम कल्पून भराव्या लागतात. तेथे क्रम मोडू नये: आधी खऱ्या फ्रेमवर स्थिरीकरण, नंतर ऑप्टिकल फ्लो. उलट केल्यास चाकाच्या आऱ्यांभोवती पडणाऱ्या कृत्रिम वळ्यांनाच स्टॅबिलायझर हालचाल समजू लागतो. आऱ्यांसारख्या बारीक, एकमेकांआड येणाऱ्या वस्तूंवर ऑप्टिकल फ्लो तसाही फारसा विश्वासू नाही.

आणखी एक, थोडे विषयाच्या कडेचे. चौपट मंद केल्यावर अर्ध्या सेकंदाचा हेलकावा दोन सेकंदांचा होतो आणि डोळ्याला तो पुष्कळदा सौम्यच वाटतो. तेव्हा आधी नुसती मंद क्लिप पाहावी. स्टॅबिलायझरची गरजच उरली नाही, असेही घडते.

प्रश्न: मंदगती क्लिप स्थिर केल्यावर मागची भिंत जेलीसारखी हलते आणि चौकटीच्या कडाही कापल्या जातात. काय करावे?

उत्तर: स्टॅबिलायझरची मूळ पद्धत ‘सबस्पेस वार्प’ असते आणि ती चित्राचे निरनिराळे भाग निरनिराळे ताणते. ती बदलून ‘पोझिशन, स्केल, रोटेशन’ निवडावी आणि मुळात ५० टक्के असलेला ‘स्मूदनेस’ १० ते १५ पर्यंत उतरवून पाहावा. कडांची कापाकापीही त्याने घटते. अंतिम चित्र १९२० × १०८० चे असेल तर चित्रण ४के मध्ये करावे, म्हणजे कापायला जागा राहते. हादऱ्याने फ्रेममध्येच उमटलेला धूसरपणा मात्र कोणतेही स्थिरीकरण पुसत नाही. १०० फ्रेमच्या चित्रणात शटर १/२०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवला, तरच तो आटोक्यात राहतो.