कॅम बदलला, हेडर्स बसवले. मग ताकद कुठे अडली?

प्रश्न : माझ्याकडे १९८५ सालचा शेव्हरोले सी-१० पिकअप ट्रक आहे. त्याच्या ३५० घनइंची (५.७ लिटर) व्ही-८ इंजिनाला मोठा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा, म्हणजेच कॅम), ७५० सीएफएमचा (मिनिटाला ७५० घनफूट हवा घेणारा) कार्बोरेटर आणि हेडर्स (धूर बाहेर नेणाऱ्या मोकळ्या नळ्या) बसवून घेतले, हेड (सिलिंडरांवरची, व्हॉल्व्ह असलेली झाकणे) मूळचेच आहेत. कॅमच्या माहितीपत्रकात ३५० अश्वशक्तीचा आकडा होता, पण डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ४२०० आरपीएमला (मिनिटाला ४२०० फेऱ्यांना) जेमतेम २०५ मिळाली आणि पुढे आलेख उतरत गेला. गॅरेजवाले आता अ‍ॅल्युमिनियमचे नवे हेड घ्यायला सांगतात. घ्यावेत का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : इतक्यात घेऊ नयेत. आपण ज्या दोन आकड्यांची तुलना करीत आहात, ते एका मापाचे नाहीत. माहितीपत्रकातला आकडा सहसा इंजिन गाडीबाहेर स्टँडवर चढवून क्रँकशाफ्टवर (पिस्टनांच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर) मोजलेला असतो. आपला आकडा मागच्या चाकांवरचा आहे, आणि गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत १५ ते २० टक्के ताकद वाटेतच खर्ची पडते. म्हणजे आपले इंजिन २४० ते २५५ अश्वशक्ती देत असावे. उरलेली तूट मात्र खरी आहे, आणि ४२०० लाच आलेखाने मान टाकावी, हे लक्षण मला आकड्यापेक्षा अधिक बोलके वाटते.

सर्वप्रथम इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टर काढून, दुसऱ्या कुणाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि टॉर्च लावून कार्बोरेटरमध्ये पाहा. थ्रॉटलच्या झडपा अगदी उभ्या व्हायला हव्यात. कार्बोरेटर बदलताना लिंकेज (पेडलपासून येणारी जोडणी) तोकडे पडून त्या अर्ध्यावर अडकल्याचे पुष्कळदा आढळते. मागच्या दोन व्हॅक्यूमवर चालणाऱ्या असतील, तर त्या बंद इंजिनात उघडणार नाहीत. तेव्हा पुढच्या दोनच पाहाव्यात.

त्यानंतर टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते. या इंजिनांच्या पुढच्या बॅलन्सरमध्ये (क्रँकच्या टोकावरच्या, कंप शोषणाऱ्या चाकात) आतला भाग आणि बाहेरचे कडे यांच्यात रबर असते. ते जुने झाले की कडे सरकते आणि टायमिंगची खूण खोटे बोलू लागते. मेकॅनिकला टायमिंग लाइटखाली ३४ अंश दिसत असतील आणि खूण दहा अंशांनी सरकलेली असेल, तर प्रत्यक्षात २४ च मिळत असू शकतील. म्हणून बॅटरीची तार व आठही प्लग काढावेत, पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन अडवणारा स्टॉप बसवावा आणि क्रँक हाताने, सावकाश, दोन्ही दिशांना अडेपर्यंत फिरवावा. प्रत्येक वेळी दर्शकासमोर (इंजिनावरच्या स्थिर काट्यासमोर) कड्यावर खूण करावी. दोन खुणांचा मध्य हाच पिस्टनचा खरा वरचा बिंदू होय. तिथून मोजून, डिस्ट्रिब्यूटरची (ठिणगी वाटणाऱ्या भागाची) व्हॅक्यूमची नळी काढून व बंद करून, वरच्या आरपीएमला एकूण ३४ ते ३६ अंश मिळतात का ते पाहावे.

पुन्हा डायनोवर जाल तेव्हा हवा-पेट्रोलचे प्रमाणही नोंदवून घ्या. पूर्ण थ्रॉटलवर ते एका भाग पेट्रोलला १२.५ ते १३ भाग हवा, याच्या आसपास असावे. ४००० च्या पुढे ते १४ वर चढत असेल, तर इंजिनाला पेट्रोल पुरत नाही आणि फिल्टर, पंप, टाकीकडून येणारी नळी तपासायला हवी. शिवाय कॅमबरोबर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलल्या होत्या का, हे गॅरेजवाल्यांना स्पष्ट विचारा. मूळच्या थकलेल्या स्प्रिंगा मोठ्या कॅमच्या चालीला पुरत नाहीत, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीत आणि आलेख असाच कोसळतो.

हे सारे ठीक निघाले, तरच हेडचा विचार करावा. आठही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतली हवा दाबली गेल्यावरचा दाब) थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजावे. एकच सिलिंडर मागे असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा दोषी आहेत. सगळे सारखेच पण कमी असतील, तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटवणारा हा कॅम मूळच्या कमी कॉम्प्रेशन रेशोला झेपत नाही. तेव्हा लहान चेंबरचे (ज्वलनाची जागा कमी असलेले, म्हणजे रेशो वाढवणारे) हेड घेणे सयुक्तिक ठरेल. पण ट्रकने ओझे ओढायचे असेल, तर मी त्याऐवजी लहान कॅम बसवण्याचा सल्ला देईन.